पार्श्वभूमी : सोलापुरातील कामगार-सुरक्षा, गिरणीच्या खात्यापासून घरातल्या मागापर्यंत

कामाच्या जागेवरील सुरक्षेचे प्रशिक्षण हा विषय सोलापुरात निघाला की चर्चा बहुधा हातमोजे, मुखपट्टी आणि आग विझवण्याच्या सिलिंडरपाशी येऊन थांबते. काय शिकवायचे, एवढाच प्रश्न उरला आहे असा त्यामागचा समज असतो. गेल्या सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर कोणाला शिकवायचे हाच मूळ प्रश्न असल्याचे आणि तो अजूनही पुरता सुटलेला नसल्याचे दिसते. मोठ्या गिरणीत काम करणारा, वाचता येणारा, बहुसंख्यांची भाषा बोलणारा प्रौढ पुरुष डोळ्यांसमोर ठेवून सुरक्षेचे बहुतेक नियम बांधले गेले. बाकीच्यांच्या वाट्याला एक तर बंदी आली, किंवा काहीच आले नाही.

सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग मिल, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेली ‘जुनी गिरणी’, १८७७ साली सुरू झाली. त्यानंतर चारच वर्षांनी, १८८१ मध्ये, हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा आला. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक माणसे कामाला असणाऱ्या कारखान्यांनाच तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये आणि धोकादायक यंत्रांना कठडे असावेत, एवढीच त्याची मुख्य कलमे होती. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कामाच्या तासांविषयी त्यात अवाक्षर नव्हते. मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या मागण्यांचे निवेदन तयार केले. त्यात साप्ताहिक सुटीच्या जोडीनेच, कामावर जखमी झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी, अशीही मागणी होती. साप्ताहिक सुटीचा उल्लेख नेहमी होतो, या दुसऱ्या मागणीचा क्वचितच होतो. तिला कायद्याचे रूप यायला १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा उजाडावा लागला.

कायद्याची कक्षा हळूहळू रुंदावत गेली. कारखाना कोणाला म्हणायचे याची मर्यादा १८९१ मध्ये पन्नास माणसांवर आणि १९२२ मध्ये, यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या जागांसाठी, वीस माणसांवर आली. १९४८ च्या कायद्याने ती दहावर आणली. आठवड्याचे कामाचे तास १९२२ मध्ये साठ, १९३४ मध्ये चौपन्न आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर केंद्रात मजूर खाते सांभाळत असतानाच्या काळात, १९४६ च्या दुरुस्तीने, अठ्ठेचाळीस झाले. दमलेल्या माणसाचा हात यंत्रात जाण्याची भीती अधिक असते, त्यामुळे तास कमी करणे हा सुरक्षेचाही भाग होता, हे इथे मुद्दाम नोंदवायला हवे.

प्रशिक्षणाचे चित्र मात्र निराळे होते. गिरणीत नवा माणूस येई तो बहुधा नातेवाइकाच्या किंवा जॉबरच्या, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाच्या, ओळखीने, आणि काम शिके ते शेजारच्या साच्यावर, म्हणजे यंत्रावर, उभे राहून. धोका कुठे आहे हे त्याला अनुभवी कामगार सांगे. सांगितले नाही तर अपघात शिकवी. कापूस विंचरणाऱ्या कार्डिंग यंत्राचे उदाहरण घेता येईल. वीज बंद केल्यानंतरही त्याचा जड सिलिंडर आपल्याच वेगाने बराच वेळ फिरत राहतो. म्हणून सिलिंडर पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडताच येऊ नये अशी कुलपाची रचना नियमांनी सांगितली. मागावर धोट्याचा धोका असतो. ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून, आडवा धागा घेऊन वेगाने ये-जा करणारा धोटा एखादा धागा अडकला की मार्ग सोडून बाहेर उडतो, आणि त्याची लोखंडी टोके समोरच्याच्या डोळ्यावर किंवा कपाळावर बसतात. त्यासाठी मागाला धोटारोधक गज बसवण्याचा नियम झाला. हे दोन्ही उपाय चांगले होते. पण कुलूप कशासाठी आहे आणि गज काढून ठेवला तर काय होते, हे कामगाराला समजावून सांगण्याचे सर्वसाधारण बंधन त्या काळी कोणावरही नव्हते.

१९४८ च्या कायद्यात प्रशिक्षणाचा उल्लेख कुठे येतो हे पाहण्यासारखे आहे. कलम २३ प्रमाणे अल्पवयीन कामगाराला धोकादायक यंत्रावर लावण्यापूर्वी धोके पूर्णपणे समजावून सांगणे आणि पुरेसे शिक्षण देणे आवश्यक होते. चालू यंत्राजवळ तेल घालण्यासारखी कामे कलम २२ ने विशेष प्रशिक्षण घेतलेल्या प्रौढ पुरुषावर सोपवली आणि त्याला अंगाबरोबर बसणारे कपडे मालकाने पुरवावेत असे सांगितले. स्त्रियांविषयी त्याच कलमाने बंदी घातली : धोका संभवत असेल तर चालू यंत्र स्त्रीने साफ करायचे नाही, त्याला तेल घालायचे नाही. कापूस पिंजण्याच्या यंत्राजवळ स्त्रिया आणि मुले नकोत, असे कलम २७ सांगत होते. संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहापूर्वी स्त्रियांना काम नको, असे कलम ६६. यामागचा हेतू संरक्षणाचा होता आणि त्या काळातील गिरण्यांची स्थिती पाहता तो समजण्यासारखाही होता. तरी परिणाम असा झाला की पुरुषाला धोका हाताळायला शिकवले गेले आणि स्त्रीला धोक्यापासून दूर ठेवले गेले. पुढे काम गिरणीतून बाहेर पडले तेव्हा या फरकाची किंमत स्त्रियांनी मोजली.

भाषेचे कलमही असेच महत्त्वाचे आहे. कायद्याचा गोषवारा सांगणाऱ्या सूचना कारखान्यात इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा एका भाषेत लावाव्यात, असे कलम १०८ म्हणत होते. एकाच भाषेच्या गावात याने काम भागते. सोलापुरात मात्र मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू-दख्खनी या चारही भाषा एकाच बोळात ऐकू येतात. शहराच्या पूर्व भागातील पद्मशाली विणकरांची घरे पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडून येणाऱ्या अनेकांची घरची भाषा कन्नड असते. बाजारात सगळ्यांचे मराठीवर भागते, पण बाजारहाटापुरती येणारी भाषा आणि रसायनाच्या डब्यावरचा इशारा वाचून समजण्याची भाषा यांत मोठे अंतर आहे. जिला कोणतीच लिपी वाचता येत नाही तिच्यासाठी तर फलक असून नसल्यासारखाच असतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापूरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. चादर आणि टॉवेल यांचे उत्पादन यंत्रमागांवर गेले, आणि माग औद्योगिक वसाहतीत जसे बसले तसे पूर्व भागातील घरांच्या तळमजल्यावरही बसले. एका छपराखाली हजारो माणसे असण्याऐवजी पाच-दहा माणसांचे कारखाने झाले. कारखाना कायद्याची कक्षा ज्या माणसांच्या संख्येवर ठरत होती, नेमकी तीच संख्या तुटून विखुरली. राज्य सरकारला कलम ८५ खाली छोट्या जागांनाही कायदा लागू करण्याचा अधिकार होता, पण नुसत्या अधिसूचनेने निरीक्षक प्रत्येक बोळात पोहोचत नसतो.

अशा एका छपरात उभे राहिले की प्रश्न किती बारीक आहे ते कळते. चार-सहा माग, मध्ये एक माणूस तिरका होऊन जाईल एवढी वाट, मागाच्या बाजूला मोटर आणि पट्टा, कोपऱ्यात कांड्या भरण्याचे, म्हणजे धोट्यासाठी सूत गुंडाळण्याचे, यंत्र आणि त्यावर बसलेली घरातलीच किंवा शेजारची बाई. पट्ट्यावर जाळी नसेल तर तिचा पदर आणि वेणी यांना पहिला धोका असतो. पदर खोचून त्यावर बांधायचा कोट, केसांसाठी टोपी आणि पट्ट्यावर जाळी हे उपाय खर्चाचे नाहीत. मात्र चालू यंत्राजवळ जाऊ नये असे जिला कायद्याने सांगितले, ती आता दिवसभर चालू यंत्राजवळच बसते, आणि तिला शिकवण्याची जबाबदारी आपली आहे असे कोणाला वाटत नाही.

आवाजाचेही तसेच. धोट्याच्या मागांच्या खोलीत आवाज अनेकदा ९० डेसिबलच्या वर जातो, आणि आठ तासांच्या पाळीसाठी भारतीय नियमांनी मानलेली मर्यादा तीच आहे. अशा खोलीत माणसे हातवाऱ्यांनी आणि ओठांच्या हालचालींवरून बोलतात. वर्षानुवर्षे माग चालवलेल्या विणकराचे कान मंद होतात, आणि ते इतके सावकाश होते की त्याला स्वतःला ते उशिरा कळते. आवाजामुळे येणारा बहिरेपणा कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवण्याजोगा आजार म्हणून नोंदलेला होता. त्याच यादीत कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, बिसिनोसिसही होता, ज्यात सुटीच्या दुसऱ्या दिवशी कामावर परतल्यावर छाती आवळल्यासारखी होते. हे लक्षण माहीत असलेला कामगार दवाखान्यात ते सांगू शकतो. माहीत नसलेला केवळ खोकल्याचे औषध घेऊन परततो. कान गेलेल्या माणसाला आगीचा भोंगा ऐकू येत नाही, हा साधा मुद्दाही आपल्याकडे सुरक्षेच्या आराखड्यात क्वचितच असतो. भोंग्याबरोबर लखलखणारा दिवा लावणे हे अपंग कामगारासाठी केलेले उपकार नव्हेत, ज्या धंद्याने ते कान नेले त्या धंद्याची ती प्राथमिक जबाबदारी आहे.

देशपातळीवर या काळात बरेच काही घडत होते. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ रोजी झाली आणि १९७२ पासून तो दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जाऊ लागला. कारखाना कायद्याच्या १९७६ च्या दुरुस्तीने हजार किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमणे बंधनकारक केले; सोलापूरच्या यंत्रमागांना त्याचा उपयोग नव्हता. खरा बदल भोपाळच्या डिसेंबर १९८४ मधील वायुकांडानंतर झाला. १९८७ च्या दुरुस्तीने कलम ७-अ आले आणि आवश्यक ती माहिती, सूचना, प्रशिक्षण व देखरेख पुरवणे हे मालकाचे सर्वसाधारण कर्तव्य ठरले. कलम १११-अ ने सुरक्षेची माहिती आणि प्रशिक्षण मिळवणे हा कामगाराचा हक्क मानला. म्हणजे पहिल्या कारखाना कायद्यापासून या कलमांपर्यंत शंभराहून अधिक वर्षे गेली. मद्रास उच्च न्यायालयाने २००० मध्ये स्त्रियांच्या रात्रपाळीवरची बंदी घटनाविरोधी ठरवली. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ मध्ये आला. दहापेक्षा कमी माणसांच्या जागेतील स्त्रीला जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, ही त्यातली तरतूद सोलापूरच्या छोट्या शिलाई कारखान्यांसाठी आणि मागांसाठी फार मोलाची आहे, पण ती मशीनवर बसणाऱ्या बाईपर्यंत पोहोचवायला प्रशिक्षणाखेरीज दुसरा मार्ग नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जून २०२२ मध्ये सुरक्षित व आरोग्यदायी कामाची जागा हा मूलभूत हक्कांपैकी एक मानला.

विडी कामगार स्त्रियांची गोष्ट या सगळ्याच्या कडेकडेने चालत आली. सोलापुरात पान आणि तंबाखू घरी आणून विड्या वळणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी असून त्यांत तेलुगू भाषकांचे प्रमाण लक्षणीय आहे. त्यांच्यासाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा आणि १९७६ चा कल्याण निधी झाला, सोलापूरजवळ कुंभारी येथे घरकुलांची मोठी वसाहत उभी राहिली. घर मिळाले ही लहान गोष्ट नाही. पण त्याच घरात तंबाखूची धूळ, वाकून बसण्याने जाणारी पाठ आणि जवळच खेळणारी मुले असतात. हवेशीर जागी बसणे, तंबाखू झाकून वेगळा ठेवणे, हात धुतल्याशिवाय मुलाला न घेणे या गोष्टी तिच्या भाषेत, तिच्या दारात जाऊन दाखवाव्या लागतात. प्रशिक्षण-वर्गाला बोलावले तर हजार विड्यांमागे मिळणारी तिची दिवसाची मजुरी बुडते, म्हणून वर्गाच्या दिवसाची मजुरी भरून दिल्याशिवाय ती येणार नाही आणि तिला त्याबद्दल दोष देता येणार नाही.

१८ मे २०२५ रोजी पहाटे अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचा मृत्यू झाला. मृतांत कामगार होते तसेच कारखान्याच्या जागेतच राहणारे मालक, त्यांच्या घरातील माणसे आणि एक लहान मूलही होते. कापूस, सूत आणि तयार टॉवेल यांचे ढीग, आणि त्याच इमारतीत झोपलेली माणसे ही रचना सोलापुरात अपवादात्मक नाही.

त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० केंद्राने लागू केली. कारखाना कायदा आणि विडी कामगार कायदा यांच्यासह तेरा कायदे तिच्यात सामावले आहेत. नेमणूकपत्र आणि मोफत वार्षिक आरोग्य तपासणी यांची तरतूद तिच्यात आहे, स्त्रियांना त्यांच्या संमतीने आणि सुरक्षेच्या अटींवर रात्रपाळी करता येते. मात्र यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या कारखान्याची मर्यादा दहावरून पुन्हा वीस कामगारांवर गेली आहे, म्हणजे १९२२ च्या आकड्यावर. मालकाची सर्वसाधारण कर्तव्ये दहा कामगारांच्या आस्थापनेपासून लागू होतात, हे खरे. पण सहा माग आणि सात माणसांचे छप्पर याही रेषेच्या बाहेरच राहते. जीवघेण्या किंवा धोकादायक कामांसाठी ही मर्यादा बाजूला ठेवण्याचा अधिकार सरकारला आहे. मागाच्या वरच्या मजल्यावर झोपणारी आजी आणि नातवंडे कोणत्याच व्याख्येप्रमाणे कामगार नाहीत, त्यामुळे जिना कोणता, मेन स्विच कुठे आणि दार कोणत्या बाजूला उघडते हे त्यांना सांगण्याचे बंधन आजही कोणत्या प्रशिक्षणात लिहिलेले नाही.