आयसेन धरणविरोधी आंदोलन (चिली)

चिलीच्या दक्षिणेकडील पातागोनियातील आयसेन प्रांतात बेकर व पास्कुआ या नद्यांवर योजलेल्या पाच जलविद्युत धरणांविरुद्ध झालेले आंदोलन. ‘इद्रोआयसेन’ नावाच्या या प्रकल्पात एन्देसा चिली (५१ टक्के, इटलीच्या एनेलच्या नियंत्रणाखालील) आणि कोल्बून (४९ टक्के) या कंपन्या भागीदार होत्या. प्रस्तावित क्षमता २,७५० मेगावॅट होती आणि बुडीत क्षेत्र सुमारे ५,९०० हेक्टर होते. हिमनद्या, फ्योर्ड (समुद्राच्या अरुंद, खोल खाड्या) व दाट अरण्ये यांचा हा प्रदेश अत्यंत विरळ वस्तीचा असून चिलीच्या राजचिन्हावरील वेमुल हे दुर्मिळ हरीण येथे आढळते. धरणांइतकाच रोष सुमारे २,००० किलोमीटर लांबीच्या वीजवाहिनीवर होता, कारण आयसेनची ही वीज आयसेनला मिळणार नव्हती, ती मध्य चिलीच्या वीजजाळ्याकडे जाणार होती.

‘पातागोनिया सिन रेप्रेसास’ (धरणांविना पातागोनिया) ही मोहीम पर्यावरणवादी संघटना व स्थानिक रहिवासी यांनी अनेक वर्षे चालवली होती. ९ मे २०११ रोजी कोयाईके येथील प्रादेशिक पर्यावरण आयोगाने प्रकल्पाला मंजुरी दिली आणि तो प्रश्न रस्त्यावर आला. सांतियागोत हजारोंचे मोर्चे निघाले. पोलिसांनी पाण्याचा मारा केला, अश्रुधूर सोडला. अश्रुधुराच्या आरोग्यावरील परिणामांची चर्चा इतकी वाढली की गृहखात्याला त्याचा वापर काही दिवस थांबवावा लागला. त्याच महिन्यातील एका जनमत चाचणीत ७४ टक्के लोक प्रकल्पाच्या विरोधात होते.

हे आंदोलन विद्यार्थ्यांनी उभारलेले नव्हते, पण मोर्च्यांत तरुणांचा भरणा मोठा होता आणि मंजुरीनंतर तीनच दिवसांनी, १२ मे रोजी, विद्यार्थ्यांनी सार्वजनिक शिक्षणासाठी देशव्यापी मोर्चा काढला. ही जवळीक निव्वळ योगायोगाची मानता येत नाही. पाण्याचे हक्क खाजगी मालमत्तेप्रमाणे खरेदी-विक्रीस खुले करणारी जल संहिता आणि खाजगी विद्यापीठांना वाट करून देणारी उच्चशिक्षणाची फेररचना, दोन्ही पिनोचेतच्या लष्करी राजवटीत १९८१ साली आल्या. नदी आणि शिक्षण यांच्याकडे बाजाराच्या नजरेने पाहणारी व्यवस्था एकच आहे, ही जाणीव त्या वर्षीच्या मोर्च्यांना जोडणारी होती.

न्यायालयात मात्र आंदोलकांना अपयश आले: एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ मतांनी प्रकल्पाच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर काही आठवड्यांतच राष्ट्रीय सहमती नसल्याचे कारण देऊन कोल्बूनने वीजवाहिनीचे काम स्थगित ठेवण्याची शिफारस केली. १० जून २०१४ रोजी मिशेल बाचेलेत सरकारच्या मंत्री समितीने परवानगी रद्द केली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपन्यांनी प्रकल्प संपुष्टात आणल्याचे जाहीर केले. जल संहितेतील मोठी दुरुस्ती २०२२ पर्यंत रखडली. तिच्यामुळे नवे पाणीहक्क कायमस्वरूपी न राहता मुदतीचे झाले.