सिडलिट्झ पावडर : निळी पुडी, पांढरी पुडी आणि उसने नाव

आजच्या चेक प्रजासत्ताकात, मोस्त शहराजवळ सेडलेत्स नावाचे खेडे आहे. जर्मनमध्ये ते सिडलिट्झ. तिथल्या झऱ्याच्या पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे एप्सम सॉल्ट, भरपूर. म्हणून ते कडू आणि सारक. अठराव्या शतकात जर्मन वैद्य फ्रीडरिश हॉफमान यांनी त्याचे गुण मांडले आणि या पाण्याचे नाव झाले.

१८१५ मध्ये लंडनच्या टॉमस फील्ड सॅव्हरी यांनी पोट साफ करणाऱ्या, फसफसणाऱ्या ‘सिडलिट्झ पावडर’चे पेटंट घेतले. तिच्यात एप्सम सॉल्टचा कणही नव्हता! पेटंटात घटकांची सरळ नावे न देता ते तयार करण्याच्या कृती दिल्या होत्या. मुळात ते दुकानात सहज मिळत होते. १८२३ मध्ये न्यायालयाने याच कारणावरून पेटंट अवैध ठरवले, आणि ते योग्यच झाले.

नंतर रूढ झालेले प्रमाण असे: निळ्या कागदात साडेसात ग्रॅम रोशेल सॉल्ट (सोडियम-पोटॅशियम टार्ट्रेट हे सारक मीठ) आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा, पांढऱ्या कागदात अडीच ग्रॅम टार्टारिक आम्ल. निळी पुडी अर्धा ग्लास पाण्यात पूर्ण विरघळू द्यायची, मग पांढरी टाकायची आणि फेस असतानाच प्यायचे. दोन्ही एकत्र बांधल्या तर दमट हवेत पुडीतच आम्ल आणि सोडा एकमेकांना लागतात, वायू निघून जातो आणि उरतो तो ओलसर गोळा. खरा धोका मात्र दोन पुड्या वेगवेगळ्या विरघळवून एकामागून एक पिण्यात आहे. एवढ्या सोड्यातून जवळजवळ पाऊण लिटर कार्बन डायऑक्साइड सुटतो; तो ग्लासाऐवजी पोटात सुटला तर जठर फुगून असह्य ताण येतो. रंग वेगळे ठेवण्यामागे हा क्रम चुकू नये, हेही होते.

फेसामुळे खारट चव झाकली जाते, पोट साफ होते ते टार्ट्रेटमुळे. टार्ट्रेट आतड्यात फारसे शोषले जात नाही, पाणी धरून ठेवते आणि मल सैल होतो. आपल्याकडचे फसफसणारे आम्लपित्ताचे चूर्ण सोडा-आम्लाच्या याच क्रियेवर चालते, पण त्यात हे सारक मीठ नसते. एका मात्रेत सुमारे १.३ ग्रॅम सोडियम आणि १ ग्रॅम पोटॅशियम जाते. त्यामुळे मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी ही पावडर घेऊच नये.

रोशेल सॉल्ट हेही गावाचेच नाव, फ्रान्समधल्या ला रोशेलचे. तिथले औषधनिर्माते सेन्येत यांनी ते सतराव्या शतकात बनवले. आपल्या महाविद्यालयांत साखर ओळखण्यासाठी वापरतात त्या फेलिंगच्या द्रावणात तेच मीठ असते.