सापाच्या पाण्याचं भांडं पालथं का होतं?

मुलुंडला माझ्या मैत्रिणीच्या मुलाने बॉल पायथन पाळला आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा लहानखुरा अजगर तसा लाजरा, घाबरला की अंगाची गुंडाळी करून डोकं आत लपवणारा. पण पहिले काही आठवडे रोज सकाळी तेच: पाण्याची स्टीलची वाटी पालथी आणि पेटीतला नारळाचा भुसा चिंब. ‘‘मावशी, हा मुद्दाम करतो का गं?’’ असं त्याने मला विचारलं. साप मुद्दाम काही करत नाही. दोष होता तो वाटीच्या घडणीत.

सापाला हातपाय नाहीत. पुढे सरकायचं तर त्याला कशाला तरी अंग रेटावं लागतं. पेटीतली प्रत्येक वस्तू त्याच्या लेखी आधाराचा खुंटा असते. कात टाकायची वेळ आली की तो कडांवर तोंड घासतो, जुनी त्वचा तिथूनच सुटायला लागते. शिवाय बिळात राहणाऱ्या या प्राण्याला अंग दोन्ही बाजूंनी टेकलेलं आवडतं, म्हणून तो भांड्याच्या काठाखालीही शिरतो. म्हणजे भांड्यावर वरून भार पडतो, बाजूने रेटा बसतो आणि खालूनही उचल बसते.

आता आपली नेहमीची वाटी बघा. तळ लहान, तोंड पसरट. समजा तळाची त्रिज्या 3 सेंटिमीटर आणि काठाची 6 आहे. काठावर साप टेकला की वाटी तळाच्या कडेवर सी-सॉसारखी झुलते. त्या कडेच्या आत 3 सेंटिमीटरवर वाटीचं वजन आणि बाहेर 3 सेंटिमीटरवर सापाचा भार. दोन्हीकडे अंतर सारखं, म्हणून वाटीच्या स्वतःच्या वजनाहून थोडा जास्त भार पडला की ती कलंडणार. वाटी 80 ग्रॅमची आणि पाणी पाव लिटर, म्हणजे 330 ग्रॅम झाले. दीड किलोच्या अजगराने अंगाचा चौथा हिस्सा जरी काठावर टाकला तरी खेळ संपला. तोच काठ खालून उचलायचा असेल तर वजनाच्या जेमतेम एक तृतीयांश जोर पुरतो, 110 ग्रॅम. आणि पाणी आटत जाईल तशी वाटी आणखी हलकी होते.

म्हणून नुसतं जड भांडं आणणं हे अर्धंच उत्तर आहे. माझ्या मते आधी बघायचा तो तळ. तळ काठाएवढा किंवा काठाहून रुंद असेल, तर काठावर पडलेला भार तळाच्या आतच उतरतो. वरून कितीही दाब पडला तरी भांडं कलंडत नाही. वजन लागतं ते बाजूच्या रेट्यासाठी आणि खालून बसणाऱ्या उचलीसाठी. गोठ्यापुढची गुरांची दगडी डोण आठवा: बुटकी, जाड भिंतीची, तळाशी भक्कम. बैलाने मान घासली तरी ती जागची हलत नाही. उलट गोल बुडाच्या घागरीला चुंबळ लागते ती याचसाठी.

मैत्रिणीच्या मुलाने शेवटी उभ्या भिंतीचं, चकचकीत मुलाम्याचं चिनीमातीचं भांडं आणलं, पाण्यासकट दोन किलोचं. मुलामा नसलेली कच्ची माती मी टाळायला सांगितली. माठ पाझरतो म्हणूनच पाणी गार करतो, पण इथे तो पाझर भुसा ओला करील आणि छिद्रांत जंतूंचा बुळबुळीत थर धरील. जड भांडं भुशावर ठेवू नये, भुसा बाजूला सारून थेट पेटीच्या तळावर टेकवावं. नाहीतर साप खालून पोखरत गेला की तेच वजन त्याच्या अंगावर बसतं.

सांडलेल्या पाण्याची एवढी काळजी कशाला? मुंबईमुळे. जुलैत इथल्या हवेत 80 टक्क्यांहून जास्त आर्द्रता असते. अशा हवेत ओला भुसा वाळतच नाही, त्यात बुरशी धरते आणि त्यावर पडून राहिलेल्या सापाच्या पोटाच्या खवल्यांवर फोड येऊन ते सडू लागतात. पसरट भांड्यातून वाफही जास्त होते, म्हणून पावसाळ्यात लहान तोंडाचं भांडं बरं, तेही पेटी उबदार ठेवणाऱ्या गरम पट्टीपासून लांब. रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीत मात्र हवा कोरडी पडते. तिथे पसरट भांडं उपयोगी.

साप पाणी पितो कसं, हेही बघण्यासारखं आहे. जीभ तो वास टिपायला वापरतो, पाणी प्यायला नाही. तोंडाचं टोक पाण्यात टेकवून तो जबडा हळूहळू हलवत राहतो. अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठाचे डेव्हिड कुंडाल आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये दाखवलं, की काही सापांच्या खालच्या जबड्यातल्या मऊ घड्या स्पंजासारखं पाणी शोषतात आणि स्नायू ते पिळून घशाकडे ढकलतात. नागपंचमीला गारुड्याचा नाग दूध पितो तो आवडीने नव्हे. दिवसेंदिवस तहानलेला ठेवलेला तो जीव समोर येईल ते पितो. मला ते बघवत नाही.

धामण, नाग, आपला अजगर हे देशी साप 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. ते घरात ठेवता येत नाहीत. बॉल पायथनसारख्या परदेशी जातींची 2024 च्या नियमांनुसार सरकारदरबारी नोंद करावी लागते.

भांडं काठोकाठ भरू नका. सापाची घनता पाण्याच्या जवळपास असते, म्हणून दीड किलोचा साप पूर्ण बुडून बसला तर सुमारे दीड लिटर पाणी बाहेर सारील. निम्मं भरलेलं पुरे. पाणी रोज बदला, आणि त्यात विष्ठा दिसली तर लगेच. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला जंतू असू शकतात, तेव्हा हे भांडं स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये घासू नका. त्याची घासणी वेगळी ठेवा आणि नंतर हात साबणाने धुवा.