'रेय' ही अक्षरे: राजाची सही की लेखनिकाची नक्कल?

गोव्यातील एखाद्या जुन्या घराच्या पेटाऱ्यातून पोर्तुगीज कागद निघाला आणि त्याच्या तळाशी 'रेय', म्हणजे 'राजा', हा शब्द दिसला की संग्राहक तो राजाच्या सहीचा मानून मोकळा होतो. हाच शब्द मात्र दोन वेगळ्या कागदांवर आढळतो: राजाने सही केलेल्या मूळ पत्रावर आणि लेखनिकाने केलेल्या त्याच्या नकलेवर.

पोर्तुगालचे राजे पत्रांवर सही करताना स्वतःचे नाव न लिहिता केवळ 'रेय' लिहीत. त्यामुळे सही कोणत्या राजाची, हे तारखेवरून ठरवावे लागते. १५८० ते १६४० या काळात तर तोच शब्द स्पेनच्या फिलिप राजांच्या हातचा असतो.

मूळ पत्राचा मजकूर लेखनिकाच्या वळणदार हस्ताक्षरात असतो. त्याखाली सोडलेल्या जागेत उमटलेली सही वेगळ्या हाताची, बहुधा मोठी आणि पुष्कळदा निराळ्या शाईची असते. नकलेत मात्र मजकूर आणि 'रेय' एकाच हाताने, एकाच दमात लिहिलेले असतात. पुढे कोणी ती मुळाशी ताडून पाहिल्याची नोंद असेल, तर तो कागद नक्कल आहे, याविषयी शंका उरत नाही. अशा नकलेला अभ्यासात मोल आहेच, पण ती राजाची सही म्हणून विकत घेणे ही फसगत आहे.

येथे एक बारकावा विसरता कामा नये. लिस्बनहून येणारी जहाजे वाटेत बुडण्याची भीती असल्याने एकच पत्र दोन-तीन प्रतींत, वेगवेगळ्या जहाजांतून गोव्याला पाठवले जाई. त्यांवर 'पहिली व्हिया', 'दुसरी व्हिया' (व्हिया म्हणजे वाट, येथे त्या वाटेने धाडलेली प्रत) असे लिहिलेले असे. राजाने प्रत्येक प्रतीवर सही केलेली असल्यास 'दुसरी व्हिया' ही नक्कल नसून तितकीच अस्सल असते. केवळ 'दुसरी' या शब्दामुळे तिला कमी लेखू नये. पणजीच्या पुराभिलेखागारातील 'मोन्सून' ग्रंथमालेत अशी राजपत्रे बांधून ठेवलेली आहेत, आणि खरेदीपूर्वी ती डोळ्यांखालून घालणे मला अत्यावश्यक वाटते.

व्हाइसरॉयने राजाच्या नावाने काढलेले हुकूमही असतात. त्यांच्या प्रारंभी राजाची बिरुदे असली, तरी सही व्हाइसरॉयची असते.

आपल्या मोडी कागदांना मात्र ही कसोटी लागू पडत नाही. शिवाजी महाराजांच्या पत्रांत माथ्यावर राजमुद्रा आणि अखेरीस 'मर्यादेयं विराजते' हा शिक्का असतो. तेथे अस्सलपणाचा शोध सहीत नव्हे, या दोन ठशांत घ्यावा लागतो.