‘कुणाकडं आलाय?’ : कोल्हापुरातील घरफोडी आणि पहाऱ्याची पार्श्वभूमी

‘घरफोडी’ हा शब्द आज कुलूप तोडून झालेल्या चोरीसाठी वापरला जातो, पण एके काळी तो शब्दशः खरा होता. पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती असलेल्या घरात शिरायचे तर पुढच्या दारापेक्षा मागची भिंत सोपी पडे. दाराला आतून अडसर घातलेला असे, आणि भिंतीतल्या खोबणीतून सरकवलेले ते जाड लाकूड बाहेरून हलवणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून चोर पहारीने भिंतीला भगदाड पाडीत, नाहीतर कौले काढून आत उतरत. पुढे दगड-विटांच्या, मग सिमेंटच्या भिंती आल्या, कौलांच्या जागी स्लॅब आला, आणि घराची कमकुवत बाजू भिंतीकडून दाराकडे सरकली. पहारीची जागा कटावणीने घेतली. नाव तेवढे जुने राहिले.

कोल्हापूरच्या उपनगरांत एखाद्या गल्लीत दोन घरे फुटली की पहिली चर्चा कॅमेऱ्यांची आणि ग्रिलची होते, आणि मग कोणीतरी गस्तीचा विषय काढतो. हा क्रम इतिहासाच्या नेमका उलटा आहे. कारण या भागात घरफोडी रोखण्याची व्यवस्था कुलपापासून नव्हे, तर माणसापासून सुरू झाली, आणि तो माणूस चोरीला नुसता साक्षीदार नव्हता, तर जबाबदार होता.

शहराच्या बाबतीत ही व्यवस्था वेशीपाशी सुरू होई. गंगावेश, रंकाळा वेस ही नावे आज रिक्षाच्या थांब्यांसाठी उरली असली, तरी कोल्हापूर तटबंदीच्या आत होते आणि वेशीचे दरवाजे रात्री बंद होत, ही गोष्ट त्या नावांत शिल्लक आहे. बिंदू चौकात तटाचा काही भाग आजही पाहायला मिळतो. दरवाजे बंद झाल्यानंतर शहरात कोण आहे, हे साधारणपणे ठाऊक असे. खेड्यात हे काम वेसकर, तराळ, जागल्या अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या माणसांकडे होते, तर कोल्हापूरपासून दक्षिणेकडे अनेक गावांत बेरड आणि रामोशी राखणीचे काम करीत.

पेशवाईच्या अस्तानंतर दख्खनचा ब्रिटिश कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने 1819 मध्ये जिंकलेल्या मुलखाबद्दल जो अहवाल लिहिला, त्यात या राखणदाराचे काम तपशिलाने आले आहे. रात्री फिरणे, गावात आलेल्या परक्या माणसावर नजर ठेवणे, गावातल्या प्रत्येकाची चालचलणूक माहीत असणे आणि चोरी झालीच तर पावलांचा माग काढणे, ही त्याची कामे होती. माग पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचला की तो त्या गावच्या राखणदाराच्या हवाली होई, आणि तिथून पुढचा शोध त्याच्यावर येई. ज्या गावात माग हरवला, त्या गावाकडे भरपाईचे बोट जाई. दोन पोलीस ठाण्यांच्या हद्दीवर राहणाऱ्या आणि फिर्याद कुठे द्यायची या प्रश्नात एक दिवस घालवलेल्या माणसाला हा मजकूर वाचताना थोडा हेवा वाटण्याचा संभव आहे.

पण या व्यवस्थेला दुसरी बाजू होती, आणि ती वगळून हा इतिहास सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. राखण हे काम जातीला बांधलेले होते, आणि काही जातींच्या बाबतीत संशयही जातीला बांधला गेला. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाजांना जन्मतः गुन्हेगार ठरवण्याची मुभा सरकारला दिली. 1911 मध्ये नवा कायदा होऊन त्याचा अंमल मुंबई इलाख्यापर्यंत आला. या समाजांतील माणसांना ठरावीक वेळी गावकामगारांपुढे हजेरी द्यावी लागे आणि परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. गावात चोरी झाली की आधी त्यांच्या वस्तीची झडती होई. कोणी चोरी केली हे शोधण्यापेक्षा कोणाला पकडायचे हे आधीच ठरलेले असल्याने तपास म्हणूनही ही पद्धत निकृष्टच होती.

कोल्हापूरचे वेगळेपण इथे दिसते. राजर्षी शाहू महाराजांनी 1918 मध्ये संस्थानातील ही हजेरी बंद केली, आणि त्याच वर्षी महार वतनेही, म्हणजे गावकामाच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले जमिनीचे हक्क, रद्द करून त्या जमिनी रयताव्याने, म्हणजे इतर शेतकऱ्यांसारख्या सारा भरून कसायला, दिल्या. म्हणजे जन्माने राखणदार आणि जन्माने चोर, या दोन्ही कल्पनांना संस्थानाने एकाच वर्षात हात घातला. फासेपारधी समाजातील लोकांना महाराजांनी सोनतळीच्या आपल्या मुक्कामी पहाऱ्याचे काम दिले, हेही कोल्हापुरात अनेकांना माहीत असते. ज्यांच्यापासून घर राखायचे असे सरकार सांगत होते, त्यांच्याच हाती राजाने स्वतःचे घर राखायला दिले होते. ब्रिटिश मुलखात मात्र हा कायदा स्वातंत्र्यानंतरही काही काळ टिकला आणि 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. तो दिवस भटके-विमुक्त आजही विमुक्त दिन म्हणून पाळतात.

वतनी राखणदार गेल्यावर त्याची जागा पगारी पोलिसाने घेतली. संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, 1951 मध्ये मुंबई पोलीस कायदा आला आणि 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाचे पद वंशपरंपरेऐवजी नेमणुकीचे झाले. हा बदल आवश्यक होता यात शंका नाही. एक गोष्ट मात्र त्यात हरवली: घरफोडीनंतर भरपाईसह उत्तर देण्यास बांधलेले असे कोणी उरले नाही. पोलीस तपास करतात. गेलेला ऐवज परत आला तर येतो.

शहरातल्या पेठांना ही उणीव फार काळ जाणवली नाही, कारण तिथे पहारा न नेमताच होत होता. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, उत्तरेश्वर पेठ यांची घरे भिंतीला भिंत लावून उभी, बोळ अरुंद, आणि दुपारी उंबऱ्याशी बसून धान्य निवडणाऱ्या बायकांच्या नजरेतून सुटून कोणी पुढे जाणे कठीण. रात्रीचे काय, तर कोल्हापूरच्या पेठा पूर्ण झोपतच नसत. तालमीतली मुले आणि पैलवान पहाटे तीन-चारला उठून जोर-बैठकांना लागत. त्याच सुमारास म्हशींच्या धारा निघत, आणि गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर पहाटे व रात्री धारोष्ण दुधासाठी माणसे जमत. तालमीच्या कट्ट्यावर तर उशिरापर्यंत कोणी ना कोणी बसलेलेच असे. अनोळखी माणूस बोळात शिरला की कट्ट्यावरून प्रश्न येई, ‘कुणाकडं आलाय?’ प्रश्न विचारणाऱ्याचा सूर कोल्हापुरी असल्याने पाहुण्याला तो कधी कधी दरडावणीसारखा वाटे, हे खरे. पण पाहुण्याला घरापर्यंत पोचवूनही तोच येई. चोराला मात्र या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे लागे, आणि एकदा विचारल्यानंतर आपला चेहरा लक्षात राहिला आहे हेही त्याला कळे.

जेन जेकब्स यांनी 1961 मध्ये अमेरिकी शहरांविषयी लिहिताना रस्त्यावरच्या या नजरांचे महत्त्व मांडले आणि नगररचनेच्या अभ्यासात तो विचार रूढ झाला. पेठेतल्या माणसाला त्याचे नवल वाटले नसते.

शहर पेठांबाहेर पडले ते टप्प्याटप्प्याने. 1891 मध्ये मिरजेहून रेल्वे आली, स्टेशनच्या बाजूला शाहूपुरीची व्यापारी पेठ वाढली, राजाराम महाराजांच्या काळात राजारामपुरीच्या क्रमांकाच्या गल्ल्या आखल्या गेल्या. तरीही या वसाहतींत दुकान आणि घर एकत्र होते आणि रस्त्यावर वर्दळ होती. खरा बदल झाला तो कळंबा, पाचगाव, आर. के. नगर, उजळाईवाडी अशा बाजूंना प्लॉट पाडून कॉलन्या उभ्या राहिल्या तेव्हा. इथे प्रत्येक घर चारही बाजूंनी सुटे, भोवती कंपाउंड, नवरा-बायको दोघेही नोकरीला, मुले पुण्याला किंवा बंगळुरूला, आणि निवृत्त आई-वडील वर्षातले काही महिने त्यांच्याकडे. शेजारच्या प्लॉटवर अजून घर झालेले नाही, त्याच्यापलीकडे ऊस. दिवसाच्या अकरा ते चार या वेळेत सबंध गल्लीत एकही माणूस नसतो, हे हेरायला फार हुशारी लागत नाही.

त्यात प्रशासनाची भर पडली. कोल्हापूरची महापालिका 1972 मध्ये झाली, पण त्यानंतरची अनेक दशके तिची हद्द वाढली नाही. त्यामुळे जगण्याने शहरी असलेल्या कित्येक कॉलन्या कागदोपत्री गावात राहिल्या. रस्त्यावरचा दिवा ग्रामपंचायतीचा, पोलिसांचे बीट (गस्तीचा भाग) ग्रामीण ठाण्याचे, आणि लोकसंख्या मात्र शहराच्या एखाद्या प्रभागाइतकी. हद्दवाढीच्या वादात दोन्ही बाजूंनी जोरदार मुद्दे मांडले जातात. बंद दिवा आणि अपुरी गस्त हा मुद्दा त्यात क्वचितच ऐकू येतो.

नजर कमी झाली तशी भिस्त लोखंडावर गेली. अर्देशीर गोदरेज यांनी 1897 मध्ये मुंबईत कुलपे बनवायला सुरुवात केली, आणि 1923 पासून त्यांच्या कारखान्याची पोलादी कपाटे निघू लागली. ‘गोदरेजचे कपाट’ हा मराठी घरातला सामान्य शब्दच झाला, आणि त्या कपाटाचा आतला लॉकर ही दागिन्यांची ठरलेली जागा झाली, घरच्यांइतकीच चोरालाही ठाऊक असलेली. पूर्वी वाड्यात ऐवज बळदात (धान्य साठवायच्या बंदिस्त जागेत), चुलीजवळ, देवघराखाली, जागा बदलून ठेवला जाई. पोलादी कपाटाने तो एका ठिकाणी आणून ठेवला. कुलूप कितीही लिव्हरचे असले तरी ते ज्या कोयंड्यात अडकवले जाते तो चार स्क्रूंवर उभा असतो, आणि म्हणून फिर्यादीत ‘कुलूप तोडून’ इतकेच ‘कोयंडा उचकटून’ हे शब्दही वारंवार येतात. शिवाय बाहेर लोंबणारे कुलूप घरात कोणी नाही ही बातमी रस्त्याला देतेच. दाराच्या फळीत बसणारे, बाहेरून लावलेले की उघडे ते न दिसणारे कुलूप या दृष्टीने बरे. उंच कंपाउंडचेही तसेच आहे: एकदा भिंत ओलांडून चोर आत गेला की ती भिंत त्यालाच आडोसा देते.

दरम्यान घरातल्या ऐवजाची किंमत वाढत गेली. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, घडवलेला साज, ठुशी, पाटल्या हे कोल्हापूरच्या घरातले साठवलेले धन, आणि 2025 मध्ये सोन्याचा भाव दहा ग्रॅमला एक लाख रुपयांपलीकडे गेल्यावर पाच तोळ्यांची चोरी ही एखाद्या कुटुंबाच्या काही वर्षांच्या बचतीची चोरी झाली. बँकेच्या लॉकरबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम 1 जानेवारी 2022 पासून बदलले असून, बँकेतील चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीत नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत ठेवली आहे. ही रक्कम दागिन्यांच्या किमतीपेक्षा पुष्कळ कमी भरू शकते, हे लक्षात घेऊनही लग्नसराईखेरीज दागिने घरी ठेवण्याला फारसे समर्थन उरत नाही.

कायदा अजूनही रात्रीला अधिक घाबरतो. 1860 च्या भारतीय दंड संहितेने सूर्यास्त ते सूर्योदय या काळातील घरफोडी वेगळी मोजली, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 331 मध्ये तोच फरक कायम आहे: चोरीच्या उद्देशाने दिवसा केलेल्या घरफोडीला दहा वर्षांपर्यंत, तर रात्रीच्या घरफोडीला चौदा वर्षांपर्यंत कैद. हा फरक ज्या काळातला आहे, त्या काळात दिवसा घर भरलेले असे आणि रात्री चोर आला तर झोपलेल्या माणसांच्या जिवाला धोका असे. कॉलनीतले घर आज उलट वागते. ते रात्री भरलेले आणि दिवसा रिकामे असते.

यावर इतरत्र झालेल्या प्रयोगांपैकी इंग्लंडमधील रॉचडेलजवळच्या किर्कहोल्ट वसाहतीचा प्रयोग इथल्या परिस्थितीला जवळचा वाटतो. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे असे आढळले की एकदा फुटलेले घर पुन्हा फुटण्याची शक्यता इतर घरांपेक्षा बरीच जास्त असते, कारण चोराला वाट, खोल्या आणि नव्याने आणलेल्या वस्तू माहीत असतात. म्हणून सबंध वसाहतीवर सारखा खर्च न करता फुटलेल्या घराचे दार-खिडक्या लगेच मजबूत करण्यात आल्या, चोरांना आकर्षित करणारे नाण्यांवर चालणारे मीटर काढले, आणि त्या घराच्या आसपासच्या पाच-सहा शेजाऱ्यांना त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगितले. घरफोड्या निम्म्याहून अधिक कमी झाल्या. आपल्याकडे याच्या उलट घडते: चोरीनंतर आठवडाभर सगळी कॉलनी जागी असते, आणि उचकटलेल्या दाराला तोच कोयंडा, त्याच भोकांत, थोड्या मोठ्या स्क्रूने पुन्हा बसतो.

कोल्हापूरची आणखी एक अडचण पुराची आहे. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळ 43 फुटांची धोका पातळी ओलांडली की नदीकाठच्या वस्त्या रिकाम्या कराव्या लागतात. 2019 आणि 2021 मध्ये हे मोठ्या प्रमाणावर करावे लागले. पाणी चढत असतानाही घर सोडायला नाखूश असलेल्या माणसांच्या मनात घरातल्या चीजवस्तूंची काळजी असते, आणि एका कर्त्या पुरुषाला माडीवर मागे ठेवण्याची सवय त्यातूनच आलेली आहे.

राहता राहिली गस्त. कॉलनीत काठी आपटत, शिट्टी वाजवत फिरणारा गुरखा आणि त्याचे महिन्याला घरटी ठरलेले पैसे ही व्यवस्था अजून पुष्कळ ठिकाणी आहे, मात्र शिट्टीने चोराला गस्त कुठे पोचली हेही कळते. रहिवाशांनी स्वतः फिरण्याला कायद्याचा आधार आहे. पोलीस कायद्यात ग्रामसुरक्षा दलाची तरतूद असून अशा दलाने पोलिसांच्या देखरेखीखाली काम करायचे असते. हा आधार का लागतो, ते 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात दिसले. मुले पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. 16 एप्रिल 2020 रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक चोर असल्याच्या अफवेतून मारले गेले. राईनपाड्यात मेलेले लोक ज्या भटक्या समाजांतले होते, त्यांच्यावरचा संशय कायद्याने पुसून तेव्हा सहासष्ट वर्षे होत आली होती. म्हणून गस्तीच्या यादीत नाव देणाऱ्याला आधी सांगावे लागते ते एवढेच: परका माणूस दिसला तर कुणाकडे आलाय ते विचारायचे, उत्तर पटले नाही तर 112 ला फोन करायचा, आणि हात मात्र लावायचा नाही.