रीसेटची पिन सोडायची कोणी?

8051 या मायक्रोकंट्रोलरवर बोर्ड बनवलेल्यांना रीसेटची, म्हणजे वीज आल्यावर चिपला पहिल्यापासून सुरू करायला लावणारी, जोडी पाठ असते: 10 मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर आणि 8.2 किलोओहमचा रेझिस्टर. 1980 सालच्या या चिपला रीसेट पिन फक्त दोन मशीन सायकल (चिपच्या कामाचे ठरावीक टप्पे) हाय लागते, 12 मेगाहर्ट्झला अवघे 2 मायक्रोसेकंद. जोडी ती कितीतरी जास्त वेळ धरते, कारण व्होल्टेज चढायला आणि क्रिस्टल स्थिरावायला वेळ लागतो. मात्र वीज क्षणभर जाऊन परत आली, तर कपॅसिटर रिकामा झालेलाच नसतो आणि रीसेट मिळतच नाही. म्हणून आधी रेझिस्टरला समांतर डायोड आला, पुढे व्होल्टेजवर नजर ठेवणाऱ्या सुपरवायझर चिपा आल्या.

तोवर प्रोसेसरला रीसेट मिळाला की काम भागत होतं. पुढे एकाच बोर्डावर इथरनेट फाय (नेटवर्क केबलचे सिग्नल सांभाळणारी चिप), वायफाय, डिस्प्ले असे स्वतंत्र रीसेटवाले भिडू आले, आणि प्रत्येकाचा हट्ट वेगळा. पीसीआय एक्सप्रेस कार्डाला वीज स्थिर झाल्यावरही किमान 100 मिलिसेकंद रीसेटमध्ये धरावं लागतं. त्यामुळे या पिना प्रोसेसरच्या जीपीआयओवर, म्हणजे सॉफ्टवेअरनं हाय-लो करता येणाऱ्या पिनांवर, गेल्या आणि वेळ सांभाळणं सॉफ्टवेअरकडे आलं. पण वीज आल्यापासून पहिला कोड चालेपर्यंत बहुतेक जीपीआयओ नुसते इनपुट असतात. या भिडूंचा रीसेट 8051 च्या उलट, बहुधा पिन लो असताना लागतो, आणि तेवढ्या वेळात ती लो ठेवतो तो बोर्डावरचा पुल-डाउन रेझिस्टर. पैसे वाचवायला तो गाळणारे भेटतात. त्यांच्याशी वाद घालून मी थकलो आहे.

सुरुवातीला हे सगळं बूटलोडरच्या (आधी चालून कर्नल सुरू करणारा प्रोग्रॅम) किंवा कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बोर्ड फाइलमध्ये हातानं लिहिलेलं असे. लिनक्समध्ये रीसेट कंट्रोलरची सामाईक चौकट 2013 मध्ये, 3.10 आवृत्तीत आली. जीपीआयओ बूट होतानाच ठरावीक स्थितीत अडकवणारा ‘हॉग’ 2015 मध्ये. पिन लो असताना रीसेट की हाय असताना, हे आता डिव्हाइस ट्रीत, म्हणजे बोर्डाचं वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये, लिहितात, आणि तिथेच उलटं लिहून दोन दिवस घालवतात.

फायचा तिढा तरीही उरलाच. कर्नल एमडीआयओ बसवर (फायशी बोलायच्या तारांवर) फायचा आयडी वाचून तो आहे की नाही ते ठरवतो. फाय रीसेटमध्ये असेल तर वाचताना नुसते एफ (म्हणजे सगळे बिट 1) मिळतात, आणि कर्नलच्या लेखी तिथे फाय नसतोच. रीसेट सोडायची नोंद मात्र डिव्हाइस ट्रीत त्याच फायच्या नोडमध्ये! मग बूटलोडरमध्ये नेटवर्क वापरलं की रीसेट त्यानंच सोडलेला असतो आणि कर्नलमध्येही इथरनेट चालतं, थेट मेमरी कार्डावरून बूट केलं की फाय गायब.