काउंटी कौन्सिलसाठी कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवारी: तिकीट मिळाल्यानंतरची कागदपत्रे

इंग्लंडमध्ये काउंटी कौन्सिलसाठी, म्हणजे जिल्हा पातळीवरच्या निर्वाचित सभेसाठी, पक्षाचे तिकीट मिळाले म्हणजे मतपत्रिकेवर नाव आलेच, असे नाही. स्थानिक कॉन्झर्व्हेटिव्ह असोसिएशन, म्हणजे पक्षाची स्थानिक शाखा, मुलाखत घेऊन मंजूर यादी करते, त्या यादीतून विभागाचा, म्हणजे काउंटीतल्या एका मतदारसंघाचा, उमेदवार ठरतो. इथवर पक्षाचे काम. पुढे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर फक्त कागद बोलतात.

उमेदवाराचे वय १८ पूर्ण हवे. ब्रिटिश, आयरिश, काही युरोपीय आणि राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना उभे राहता येते. भारत राष्ट्रकुलात आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टही चालतो. मात्र सोबत कायम वास्तव्याची परवानगी, म्हणजे आयएलआर, लागते. गोंधळ होतो तो इथे. वर्क किंवा स्टुडंट व्हिसावरचा भारतीय मतदारयादीत येतो, दुसऱ्याच्या अर्जावर सूचक म्हणून सहीही करू शकतो, पण स्वतः उभा राहू शकत नाही. शिवाय काउंटीशी नाते दाखवावे लागते: तिथल्या मतदारयादीत नाव, किंवा मागचे सलग १२ महिने तिथे राहणे, मुख्य नोकरी-धंदा तिथे असणे, किंवा मालक वा भाडेकरू म्हणून तिथली जागा ताब्यात असणे. यांपैकी एक पुरे, पण लागू होतील तेवढ्या सगळ्यांवर खूण करा. काउंटीच्या पगारावर असलेला माणूस, अगदी काउंटी चालवत असलेल्या शाळेतला शिक्षकसुद्धा, अपात्र ठरतो. निवडून आल्यावर राजीनामा देऊ म्हटले तर चालत नाही. तो अर्जाआधीच द्यावा लागतो.

अनामत रक्कम नाही. ५०० पौंड भरावे लागतात ते संसदेच्या निवडणुकीत.

नामनिर्देशनपत्र, घरच्या पत्त्याचा फॉर्म आणि संमतिपत्र हे तीन कागद सर्वांनाच लागतात. सूचक आणि अनुमोदक, दोघेही त्याच विभागाचे मतदार हवेत. शेजारच्या विभागातला जुना कार्यकर्ता चालत नाही. सह्या घेण्याआधी नाव-पत्ता पूर्ण भरा, मतदार क्रमांक चालू यादीवरून, क्रमांकाआधीच्या अक्षरांसकट उतरवा. संमतिपत्रावरची सही साक्षीदारासमोर, शेवटच्या तारखेआधीच्या एका महिन्यातली हवी, आणि त्याला जोडलेली कायद्याच्या कलमांची पानेही परत द्यायची असतात. साक्षीदाराचे नाव-पत्ता घरच्या पत्त्याच्या फॉर्मवर येतो. हा रकाना हमखास रिकामा राहतो.

पक्षाच्या उमेदवाराला चौथा कागद लागतो: पक्षाच्या नामनिर्देशन अधिकाऱ्याने, किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या माणसाने, सही केलेले अधिकृतता प्रमाणपत्र. सर्वांत महाग चूक इथे होते. मतपत्रिकेवर नावासोबत छापायचे पक्षाचे वर्णन म्हणून प्रमाणपत्रात ‘लोकल कॉन्झर्व्हेटिव्ह्ज’ आणि अर्जात ‘कॉन्झर्व्हेटिव्ह पार्टी कँडिडेट’ असे पडले, तर दोन्ही वर्णने नोंदणीकृत असूनही अर्ज बाद होतो. चिन्हाचा फॉर्म वेगळा असतो. तो राहिला तर अर्ज टिकतो, फक्त नावासमोर पक्षाचे चिन्ह छापले जात नाही.

मुदत मतदानाआधीच्या १९व्या कामकाजाच्या दिवशी दुपारी ४ वाजता संपते. १ मे २०२५च्या मतदानासाठी ती २ एप्रिलला संपली होती. पहिले तीन कागद हातोहातच द्यायचे. ईमेल नाही, टपाल नाही. माघार आणि निवडणूक प्रतिनिधीची, म्हणजे उमेदवाराच्या वतीने निवडणुकीचे काम पाहणाऱ्याची, नेमणूक यांचीही मुदत हीच आहे. प्रतिनिधी न नेमल्यास उमेदवारच स्वतःचा प्रतिनिधी ठरतो. बहुतेक कार्यालये आधी वेळ घेऊन अनौपचारिक तपासणी करून देतात. ती चार-पाच दिवस आधी करून घ्या, म्हणजे चुकलेल्या सहीसाठी सूचकाच्या दारात पुन्हा जाता येईल.